कंट्रीची गोष्ट, हिप-हॉपचा ठोका: एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधताना

घोड्यावर मी आयुष्यात एकदाच बसलोय. माथेरानला, आणि तेही लगाम धरून पुढे चालणाऱ्या घोडेवाल्याच्या भरवशावर. तरीही अमेरिकेचं गावाकडचं कंट्री संगीत आणि रॅपवालं हिप-हॉप एकत्र करून लिहिलेल्या माझ्या पहिल्या गाण्यात घोडा होता, हॅट होती, व्हिस्की होती, धुळीचा रस्ताही होता. मित्राच्या मावशीने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "छान आहे रे, पण हे सगळं कुणाचं?" ते गाणं मी पुन्हा कुणाला ऐकवलं नाही.

हिप-हॉपच्या बीटवर, म्हणजे ठेक्यावर, बॅन्जो हे कंट्रीतलं तारांचं वाद्य ठेवलं की दोन शैली एक झाल्या, असं मला तेव्हा वाटायचं. बॅन्जो हा वेष झाला. हे दोन प्रकार खरे जुळतात ते सांगण्यात. 'मी अमुक गावचा, माझ्या घरात हे असं घडलं, आणि मी ते माझ्याच बोलीत सांगणार' हा हट्ट दोघांचाही आहे. पुढे जे लिहिलंय ते या हट्टापासून सुरू होतं. वाद्यं बऱ्याच उशिरा येतात.

आधी थोडी सोयरीक

ही दोन घराणी वरून दिसतात तेवढी परकी नाहीत. बॅन्जोचं मूळ आफ्रिकेत. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ते वाद्य अमेरिकेत रुजवलं. कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाच्या अगदी पहिल्या ताऱ्यांमध्ये डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता. ठेक्यावर गोष्ट नुसती बोलायची रीतही कंट्रीत जुनी आहे. १९६९ मध्ये कंट्री गायक जॉनी कॅशने सॅन क्वेंटिन तुरुंगात कैद्यांसमोर म्हटलेलं 'अ बॉय नेम्ड सू' ऐका. त्यात गाणं नावापुरतं आहे, बाकी सगळं सांगणं.

हिप-हॉप जन्मलं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, १९७३ च्या सुमारास. पण ते अटलांटा, ह्यूस्टन, मेम्फिसला पोचलं तेव्हा तिथल्या रॅपर्सच्या तोंडात दक्षिणेचा तोच लांबवलेला हेल होता, जो कंट्री गायकांच्या तोंडात असतो. दोन्ही शैली आवाजाने जवळ आल्या त्या इथे.

गाजलेले प्रयत्न मात्र जपून ऐकावेत. २००४ मध्ये रॅपर नेली आणि कंट्री गायक टिम मॅग्रॉ यांनी एकत्र गाणं केलं. ते चाललंही खूप, पण मला ते कायम दोघांनी आपापलं हत्यार म्यान करून केलेल्या तहासारखं वाटतं. पुढच्याच वर्षी काउबॉय ट्रॉयने 'हिक-हॉप' नावाने उलट टोक गाठलं, सगळंच मोठ्या आवाजात. मग डिसेंबर २०१८ मध्ये लिल नास एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' आलं. इंटरनेटवर ३० डॉलरला घेतलेला बीट आणि दोन मिनिटांपेक्षाही कमी लांबी. मार्च २०१९ मध्ये गाण्यांच्या क्रमवाऱ्या काढणाऱ्या बिलबोर्ड मासिकाने ते 'पुरेसं कंट्री नाही' म्हणून कंट्रीच्या यादीतून काढलं. एप्रिलमध्ये कंट्री गायक बिली रे सायरसला घेऊन नवी आवृत्ती आली आणि मुख्य यादीत गाणं १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलं. २०२४ मध्ये शाबूझीच्या 'अ बार साँग'ने त्याच १९ आठवड्यांची बरोबरी केली. त्यात २००४ च्या एका रॅप गाण्याचा हुक, म्हणजे ध्रुवपदासारखा परत परत येणारा तुकडा, अकूस्टिक गिटारवर, फिडल आणि टाळ्यांच्या साथीने गायलाय. रॅपचा हुक कंट्रीच्या अंगणात नेऊन बसवता येतो, हा त्यातला शिकण्याजोगा भाग.

हुक लिहा, पण त्याचा अर्थ तीनदा बदलला पाहिजे

कंट्रीच्या गीतकारांची सगळ्यात मोठी कला म्हणजे तेच शब्द पुन्हा येतात, पण दरवेळी अर्थ वेगळा लागतो. पहिल्या कडव्यानंतर ओळ मुलाची असते, दुसऱ्यानंतर बापाची, तिसऱ्यानंतर थडग्याजवळ उभ्या माणसाची. हिप-हॉपच्या हुकमध्ये सहसा घोषणा असते. ती अंगात भिनते, पण बदलत नाही. मिश्रण करताना हुक कंट्रीकडून घ्यावा आणि कडवी हिप-हॉपकडून, असं माझं मत आहे. उलटं केलं तर बहुधा जाहिरात तयार होते.

मावशीच्या प्रश्नानंतर मी घोडा सोडला आणि लहानपणच्या मुक्कामी एसटीकडे वळलो. संध्याकाळी गावात येते, रात्रभर देवळापाशी उभी राहते आणि पहाटे परत जाते ती गाडी. तिचा हुक असा झाला:

मुक्कामी गाडी आली का गं आये?
फाट्याला काय दिसतंय का?
भाकर झाकून ठिव गं वाईच,
आज तरी कुणी येतंय का?

पहिल्यांदा हे पोर विचारतंय, कारण तात्या मुंबईहून यायचेत. दुसऱ्या कडव्यात ते पोर मोठं होऊन पहाटेच्या गाडीने गेलंय आणि आता आई शेजारच्या मुलाला विचारते. 'आली का गं आये'च्या जागी 'आली का रं पोरा' येतं, 'ठिव गं'च्या जागी 'ठिवलीय रं'. बाकी शब्द तेच. तिसऱ्या कडव्यात तो स्वतःची मोटार घेऊन गावात येतो. मुक्कामी गाडी बंद झालीय, घराला कुलूप आहे. आणि हुक पुन्हा पहिल्या शब्दांवर येतो: 'आली का गं आये?' उत्तर द्यायला आये नाही.

तुमच्या हुकची अशी परीक्षा घ्या. एका कागदावर तीन वेळा तोच हुक लिहा आणि प्रत्येकासमोर 'कोण, कुणाला, कधी' हे तीन शब्दांत लिहा. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच येत असेल तर ओळ छान असेल, पण ती अजून हुक झालेली नाही.

बोलीबद्दल एक गोष्ट. हा हुक मी आधी प्रमाण भाषेत लिहिला होता: 'फाट्यावर काही दिसतंय का, आई'. चुकीचं काहीच नव्हतं, पण गाताना शाळेत उभं राहून कविता म्हटल्यासारखं वाटायचं. अर्थात जी बोली तुमच्या घरात नव्हती ती उसनी आणू नका. नागपूरच्या माणसाने कोल्हापुरी 'रं' लावणं आणि मी हॅट घालणं यात फरक नाही. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढला असाल तर तिथलंच लिहा. लिफ्ट, सोसायटीचं गेट, आजोबांची बजाज, सगळं चालतं.

वस्तूंची यादी

इथे वेळ घालवू नका, वीस मिनिटं पुरतात. त्या गोष्टीतल्या हाताला लागणाऱ्या, नाकाला जाणवणाऱ्या वीस वस्तू लिहा. भावना एकही नको. माझ्या यादीत कंदील, राख, घोंगडी, कंडक्टरची पत्र्याची पेटी, भुंकणारं कुत्रं, आयेच्या साडीचा पदर असं काय काय होतं. मग ज्या वस्तू कुणाच्याही गाण्यात येऊ शकतात त्या खोडा. अमेरिकेतही एका काळात कंट्री रेडिओवर पिकअप ट्रक, बिअर आणि गावाकडचा कच्चा रस्ता यांचा एवढा मारा झाला की ती चेष्टेची गोष्ट बनली. आपल्याकडे 'मातीचा सुगंध' आणि 'आईच्या हातची भाकरी' यांची तीच गत आहे. माझ्या हुकमध्ये भाकर आहे, मान्य. पण ती झाकलेली आहे, कुणाची तरी वाट बघतेय, म्हणून ठेवली.

कडवं: कागदावर नको, तोंडाने मोजा

एक बार म्हणजे चार ठोके. प्रत्येक ठोक्याचे चार भाग धरले तर एका बारमध्ये सोळा घरं होतात. रॅप म्हणजे या घरांत अक्षरं बसवणं. मराठीत इथे एक गोम आहे. आपण शाळेत अक्षरगणवृत्तं शिकलो, त्यामुळे 'काच' म्हटलं की दोन अक्षरं मोजतो. तोंडात मात्र तो एकच उच्चार आहे, 'काच्'. 'वात', 'बघ', 'घर' तसेच. कागदावर मोजलेली ओळ आणि म्हटलेली ओळ यात तीन-चार घरांचा फरक सहज पडतो. म्हणून टेबलावर ठेका धरायचा, ओळ म्हणायची आणि बोटांवर मोजायची.

माझ्या पहिल्या चार बारचा खर्डा:

कंदिलाची काच पुसली राखंनं, वात कातरली,
अंगणात घोंगडी तात्यांसाठी आयेनं अंथरली,
कुत्रं भुकलं की वाटायचं, आली बग गाडी,
तवर धाकटी पेंगून पडली, मुठीत आयेची साडी.

तोंडाने मोजलं तर चौदा, सोळा, तेरा, पंधरा. दुसऱ्या ओळीत सोळाच्या सोळा घरं भरलीत, श्वासाला जागाच नाही. पहिल्या रेकॉर्डिंगला तिसरी ओळ सुरू करताना माझा दम तुटायचा आणि 'कुत्रं' ऐकूच यायचं नाही. मग 'तात्यांसाठी' काढलं: 'अंगणात घोंगडी आयेनं अंथरली'. बारा झाली, श्वास मिळाला आणि एक फायदा न मागता पदरात पडला. घोंगडी कुणासाठी, हे आता सांगितलंच नाही, त्यामुळे हुकमधला 'कुणी' जड झाला. जागा कमी पडते म्हणून कापलेला शब्द पुष्कळदा अर्थालाही नकोच असतो.

यमकाचं म्हणाल तर 'कातरली-अंथरली' हे पूर्ण यमक कंट्रीच्या कानाला आवडतं. रॅपच्या कानाला मधल्या जागा हव्यात: 'कंदिलाची काच' मधला 'क', 'पेंगून पडली' मधला 'प'. दोन्ही वापरा, पण ओळीच्या शेवटी साधं यमक सोडू नका. गोष्ट ऐकणाऱ्याला धरायला कठडा लागतो. आणि चार-चार बारच्या तुकड्याला एकदा तरी मोकळी जागा ठेवा. तिसऱ्या ओळीत 'वाटायचं' नंतर मी दोन घरं रिकामी सोडतो, तिथे ऐकणाराही कान टवकारतो.

लांबीचा हिशोब

मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक बार ३.२ सेकंदांचा. सोळा-सोळा बारची तीन कडवी आणि आठ-आठ बारचे तीन हुक म्हणजे ७२ बार, जवळजवळ तीन मिनिटं पन्नास सेकंद. फार झालं. मी कडवी १६, १२ आणि ८ बारची केली. गोष्ट पुढे सरकते तसं ऐकणाऱ्याला जास्त ठाऊक झालेलं असतं, त्यामुळे सांगायला कमी लागतं. सुरुवातीचे चार बार धरून गाणं तीन मिनिटं पंचवीस सेकंदांच्या आसपास बसलं. ट्रॅप या हिप-हॉपच्या प्रकारातल्या बीटवर मिनिटाला १५० लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. तो मोजणीचा फरक आहे, पाय ७५ वरच हलतो.

सूर: तेच चार कॉर्ड, फक्त दार वेगळं

कंट्री बहुतेक मेजरमध्ये, म्हणजे उजळ सुरावटीत राहतं, पहिला, चौथा, पाचवा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) एवढ्यात भागतं. नॅशव्हिलचे वादक तर कॉर्डची नावंही लिहीत नाहीत, १-४-५ असे आकडेच लिहितात, म्हणजे गायकाने पट्टी बदलली तरी कागद तोच. हिप-हॉपला चार बारचं फिरतं चक्र लागतं आणि ते पुष्कळदा मायनरकडे, म्हणजे उदास सुरावटीकडे झुकतं. दोघांना एका घरात ठेवायची सोपी युक्ती अशी: कडव्याला ई मायनर, सी, जी, डी. हुकला जी, डी, ई मायनर, सी. कॉर्ड तेच चार. फक्त कडवं मायनरच्या दारातून आत येतं आणि हुक मेजरच्या. हुक सुरू होताना खिडकी उघडल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच.

हुकची एक ओळ दोन बार घेते. त्यामुळे 'दिसतंय का' आणि 'येतंय का' हे दोन्ही प्रश्न सीवर येऊन थांबतात, म्हणजे घरी, जीवर, न परतता. ठरवून केलं नव्हतं, पण लक्षात आल्यावर हलवलं नाही.

वाद्यं, आता

पाच तारांच्या बॅन्जोवर 'फॉरवर्ड रोल' नावाची उजव्या हाताची चाल असते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशा फेऱ्यात आठ सूर वाजतात आणि त्यांचे जोर ३-३-२ असे पडतात. आता ट्रॅपच्या बीटमधला किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका ऐका, तोही वारंवार ३-३-२ वरच पडतो. जोड इथे आहे! बॅन्जो वर सजावट म्हणून टाकू नका. त्याचा जोर किकच्या जोरावर बसवा, म्हणजे दोन्ही एकाच हाताने वाजवल्यासारखे वाटतील.

इंटरनेटवर शोधताना एक गंमत होते. आपल्याकडे मुंबई-कोकणात 'बेंजो' म्हणजे बटणांचं बुलबुलतरंगाच्या जातीचं वाद्य, मिरवणुकीत बेंजो पार्टी वाजवते ते. गाणं मराठी असेल तर तो आवाज वापरून बघायला काय हरकत आहे, असं मला राहून राहून वाटतं. अजून जमलेलं नाही. तो फार तिखट आहे, आवाजाच्या मानगुटीवर बसतो.

कंट्रीचा तो रडवा, घसरता सूर पेडल स्टील गिटारचा. ती इथे मिळणं कठीण. पण तिचं मूळ हवाईयन गिटारमध्ये आहे, आणि हवाईयन गिटार जुन्या हिंदी गाण्यांतून आपल्या कानात मुरलेली आहे. साधी गिटार मांडीवर आडवी ठेवा, तारा जाड बाजूने डी, जी, डी, जी, बी, डी अशा लावा आणि स्लाइडने (तारांवरून सरकवायच्या नळीने), नसेल तर छोट्या जाड काचेच्या बाटलीने, ओळींच्या मधल्या जागा भरा. शब्दांवर मात्र वाजवायचं नाही.

खालचा मजला ८०८ चा. रोलंडच्या १९८० च्या ड्रम मशीनमधला हा लांब घुमणारा किक आहे आणि त्याला सूर असतो, म्हणून तो कॉर्डच्या मुळाशी लावा. बेस गिटार आणि ८०८ दोन्ही ठेवलेत तर खाली चिखल होतो, एकालाच ठेवा. गिटारचा १२० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका, तो तिथे कुणाला हवाय? खालचा ई ४१ हर्ट्झचा असतो आणि फोनच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. ८०८ ला थोडं डिस्टॉर्शन दिलं, म्हणजे आवाज मुद्दाम जरा फाटवला, की वरचे सूर जागे होतात आणि फोनवरही किक कळतो.

आवाज

कडव्यातून हुकमध्ये उडी मारू नका, जिना ठेवा. कडव्याचे शेवटचे दोन बार बोलणं आणि गाणं यांच्या मधोमध म्हणा. घरात पोथी वाचणारी आजी असेल तर तिला आठवा, ती कुठे बोलायची थांबते आणि कुठे गायला लागते ते सांगता येत नाही. कडवं माइकच्या जवळून, कोरडं. हुक वीतभर मागून, आणि दोनदा रेकॉर्ड करून एकावर एक. रेकॉर्डिंगला पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा.

पैसे आणि हक्क

ऑनलाइन घेतलेला स्वस्त बीट बहुधा तुमच्या एकट्याचा नसतो. तोच बीट आणखी दहा जणांनी घेतलेला असू शकतो. परवाना शेवटपर्यंत वाचा, किती वेळा ऐकलं जाण्यापर्यंतची मुभा आहे ते बघा. 'ओल्ड टाउन रोड'च्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या २००८ च्या एका तुकड्याचा नमुना होता. तो संग्रह मोफत वाटायला खुला होता, पण व्यावसायिक वापराला नव्हता. शेवटी त्या बँडच्या ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉस यांची नावं गीतकारांत आली. फुकट मिळालं म्हणजे विकता येतं असं नाही.

दोघांनी मिळून लिहिलं असेल तर शब्द किती टक्के कुणाचे, चाल किती टक्के कुणाची, हे गाणं पूर्ण झालं त्याच संध्याकाळी कागदावर लिहून सह्या करा. मैत्री पक्की असेल तर तेव्हा कुणी रागवत नाही. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीवरचा हक्क कायद्याने पक्का झालाय. ही रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घेऊन ठेवलेलं बरं.

शेवटची फेरी

आता गाण्याचे दोन भाग वेगळे करून ऐका. आधी बीट बंद करा आणि नुसत्या गिटारवर, हळू, अख्खं गाणं कुणाला तरी म्हणून दाखवा. गोष्ट कळली नाही तर कडव्यात दोष आहे. मग गिटार ठेवून द्या आणि फक्त टेबलावरच्या ठेक्यावर कडवी म्हणा. कुठे जीभ अडखळते तिथे खूण करा, तिथे शब्द जास्त झालेत. माझं दुसरं कडवं या दुसऱ्या परीक्षेत तीनदा नापास झालं. कंडक्टरची पेटी मला फार आवडायची, ती प्रत्येक वेळी वाचवत होतो. ती काढली तेव्हा कडवं चाललं.

राहिला तिसरा हुक. तिथे ८०८ काढा, टाळ्या काढा, दोनदा रेकॉर्ड केलेल्या आवाजातला एक काढा. गिटार आणि एकटा गळा. 'आज तरी कुणी येतंय का' म्हटलं की सी वाजवा आणि थांबा. हात आपोआप जीकडे जाईल, जाऊ देऊ नका. पुढचे दोन बार रेकॉर्डर चालू ठेवा. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे लांबून एक कुत्रं भुंकल्याचं ऐकू येतं. पंखा बंद होता म्हणून आलं. ते मी काढलेलं नाही.